एकच केबल, तीन टीव्ही आणि मोडेम: वाटणी कुठे करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एकच कोॲक्स केबल (टीव्हीची गोल, मध्ये एक तार असलेली) येते. दाराजवळ टू-वे स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन वाटा करणारी डबी आहे, त्याच्या एका तोंडावर हॉलमधला टीव्ही. दुसऱ्या तोंडातून केबल आत जाते. बेडरूमपाशी आणखी एक टू-वे आणि तिथे दुसरा टीव्ही. उरलेली लाइन शेवटच्या खोलीतल्या थ्री-वेला जाते. त्यावर तिसरा टीव्ही, मोडेम आणि एक तोंड रिकामं. तिन्ही टीव्ही स्वच्छ दिसतात, पण इंटरनेट दिवसातून चार-पाच वेळा जातं, दुपारी जास्त. मग सिग्नल वाढवणारा बूस्टर घ्यावा का, आणि घेतला तर कुठे लावावा?

बूस्टर आत्ता घेऊ नका. लाइन तीन टीव्हींना आणि मोडेमला पुरते की नाही, हा पुढचा प्रश्न. आधीची अडचण ही आहे की मोडेम रांगेत सगळ्यात शेवटी उभा आहे. टीव्हीला बहुतेक वेळा नुसतं ऐकायचं असतं. मोडेमला ऐकायचंही असतं आणि उलट बोलायचंही असतं, आणि त्याचा आवाज तीन स्प्लिटर ओलांडून बाहेर पोचायला हवा. म्हणून टीव्ही छान दिसतोय यावरून लाइन चांगली आहे असं ठरवता येत नाही. या दोन गोष्टींचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं इंटरनेटही कोॲक्स केबलवरूनच येतं, म्हणजे डॉक्सिस पद्धतीचा (टीव्हीच्या केबलवरूनच इंटरनेट देणारा) केबल मोडेम आहे, असं धरून लिहिलं आहे. घरात फायबर येत असेल आणि कोॲक्स फक्त टीव्हीची असेल, तर स्प्लिटरचा आणि इंटरनेट जाण्याचा काही संबंध नाही. टीव्ही डिशवरून येत असेल तर ती लाइन आणि मोडेमची लाइन एकत्र करण्याचा विचारही करू नका. डिशच्या केबलमधून छत्रीवरच्या यंत्रासाठी वीज जात असते.

आता स्प्लिटर नेमकं काय करतो ते बघू. तो वाटणी करतो, नवीन काही तयार करत नाही. टू-वेमध्ये सिग्नलचे दोन अर्धे होतात. अर्धं म्हणजे ३ डेसिबलची (सिग्नल किती घटला-वाढला ते मोजायचं माप) घट, आणि आतल्या गाभ्यात जिरणारा थोडा भाग धरून प्रत्यक्षात ३.५. फोर-वेला प्रत्येक तोंडावर ७ ते ७.५, एट-वेला ११ च्या आसपास. थ्री-वे दोन प्रकारचे मिळतात. एकात तिन्ही तोंडं सारखी, प्रत्येकी साधारण ५.५ ते ६. दुसऱ्यात एक तोंड ३.५ चं आणि दोन तोंडं ७ ची, कारण आत खरं तर दोन टू-वे एकामागे एक बसवलेले असतात. हे आकडे स्प्लिटरच्या पाठीवर किंवा प्रत्येक तोंडाशेजारी कोरलेले असतात. आधी तेच वाचा. मोडेम ७ च्या तोंडावर बसला असेल आणि ३.५ चं तोंड रिकामं पडलं असेल, तर केबल काढून तिथे लावा. फुकटात साडेतीन डेसिबल परत मिळतात.

उलट्या दिशेचं गणित अनेकांच्या लक्षात येत नाही. वाटतं की वर जाताना वाटणी कसली, सगळा सिग्नल एकाच तोंडाकडे जाणार. पण स्प्लिटर दोन्ही दिशांना सारखाच कर घेतो. एका तोंडातून वर निघालेल्या सिग्नलचा अर्धा भाग बाहेरच्या केबलकडे जातो आणि अर्धा आतल्या रेझिस्टरमध्ये जिरतो. दोन टीव्ही एकमेकांना त्रास देऊ नयेत म्हणून ही रचना असते. म्हणजे येताना १४ डेसिबल गेले तर जातानाही १४ च जाणार.

तुमच्या मांडणीचा हिशोब करून बघू. बाहेरून येणारा सिग्नल मी +८ डीबीएमव्ही (केबलवरच्या सिग्नलची पातळी सांगणारं एकक) धरतो. तुमचा वेगळा असेल, पण पद्धत हीच राहील. पहिला टू-वे ३.५, दुसरा टू-वे ३.५, थ्री-वेच्या मोठ्या घटीच्या तोंडावर ७. झाले १४. दारापासून मोडेमपर्यंत २५ मीटर आरजी-६ (कोॲक्सचा एक प्रकार) केबल आहे असं समजा. ७५० मेगाहर्ट्झला ही केबल ३० मीटरला साधारण ५.५ डेसिबल खाते, म्हणजे इथे साडेचार गेले. मोडेमला उरले −१०.५. हे वाईटच, पण अजून चालण्यासारखं आहे.

खरी गोम वरच्या दिशेला आहे. वर जाणारा सिग्नल कमी फ्रीक्वेन्सीचा असतो. जुन्या जाळ्यांत ५ ते ४२ किंवा ५ ते ६५ मेगाहर्ट्झ, नव्यांत ८५ किंवा २०४ पर्यंत. कमी फ्रीक्वेन्सीला केबल फारसं काही खात नाही; २५ मीटरला जेमतेम १ डेसिबल. पण स्प्लिटरचे १४ तसेच राहतात. दाराशी थेट जोडलेल्या मोडेमला ३८ डीबीएमव्हीने बोलून चाललं असतं, तर शेवटच्या खोलीत त्याला ३८ अधिक १५, म्हणजे ५३ लागतात. चार अपस्ट्रीम (मोडेमकडून ऑपरेटरकडे जाणारे) चॅनल एकत्र चालत असतील तर बहुतेक मोडेमची कमाल मर्यादा ५१ च्या आसपास असते. म्हणजे मोडेम पूर्ण ताकदीने ओरडतोय आणि पलीकडे तरीही नीट ऐकू जात नाही. ऑपरेटरकडचं यंत्र प्रत्येक मोडेमला ‘आवाज वाढव, आवाज कमी कर’ असं सतत सांगत असतं. वाढवायला जागाच उरली नाही की आधी एखादा चॅनल सुटतो, मग नोंदणी तुटते आणि मोडेम पुन्हा पहिल्यापासून जोडणी सुरू करतो. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की नेट गेलं आणि पाच मिनिटांनी आलं.

दुपारचं कोडंही इथेच सुटतं. केबल तापली की तिची घट थोडी वाढते. घराबाहेर खांबावरून किंवा गच्चीवरून आलेली लांब केबल उन्हात असेल तर थोडा फरक पडू शकतो. सुस्थितीतल्या लाइनवर तो कुणाच्या लक्षातही येत नाही. काठावरच्या लाइनला मात्र तेवढाच पुरतो. ढिल्या कनेक्टरचंही तसंच. तापून प्रसरण पावला की संपर्क बिघडतो.

अर्थात हे सगळं मी धरलेल्या आकड्यांवर. तुमचे खरे आकडे मोडेमच देतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाका. बऱ्याच केबल मोडेमचं माहितीपान तिथे उघडतं. मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये केबलची स्थिती दाखवणारं पान शोधा. तिथले चार आकडे लिहून घ्या.

पहिला, डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे ऑपरेटरकडून मोडेमला येणाऱ्या सिग्नलची पातळी. −७ ते +७ डीबीएमव्ही असेल तर उत्तम. −१० ते +१० चालतं. ±१५ ही कागदावरची हद्द आहे, तिच्या जवळ राहण्यात शहाणपण नाही. काही ठिकाणी हेच आकडे डीबीमायक्रोव्होल्टमध्ये दाखवतात. तिथे ६० म्हणजे आपला शून्य, म्हणून ६० वजा करून वाचा. दुसरा, सिग्नल आणि नॉइज यांचं प्रमाण, म्हणजे एसएनआर. ३५ च्या वर हवं, ३३ च्या खाली काळजीचं. तिसरा, अपस्ट्रीम पॉवर. ३५ ते ४८ मध्ये मी निर्धास्त असतो, ५० दिसले की स्प्लिटर मोजायला लागतो. चौथा आकडा अनकरेक्टेबल म्हणजे न सुधारता आलेल्या चुकांचा. नुसता मोठा आकडा पाहून घाबरू नका, तो महिनाभराचा साठलेला असू शकतो. तासाभराच्या अंतराने दोनदा बघा आणि किती वाढला ते धरा.

त्याच पानावर किंवा शेजारच्या पानावर मोडेमची नोंदवही (इव्हेंट लॉग) असते. तिथे टी-३ टाइमआउट वारंवार दिसत असेल तर मोडेमने वर हाक मारली आणि उत्तर आलं नाही, असा त्याचा अर्थ. बहुतेक वेळा दोष वरच्या दिशेत असतो, आणि तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे हेच सापडेल असं मला वाटतं. टी-४ असेल तर ऑपरेटरकडून येणारी नियमित हाकच बंद पडली आहे.

सगळ्या चॅनलचे पॉवरचे आकडे एका ओळीत लावून बघणंही उपयोगाचं. वरच्या फ्रीक्वेन्सीकडे हळूहळू उतरत गेले तर ती केबलच्या लांबीची नेहमीची घट. पण मधलेच चार-सहा चॅनल अचानक खड्ड्यात गेले आणि पुढचे पुन्हा वर आले, तर स्प्लिटर बदलून उपयोग नाही. कुठेतरी केबल चेपली आहे, पाणी शिरलं आहे किंवा एखादा कनेक्टर खराब बसला आहे.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी. दाराजवळच्या पहिल्या स्प्लिटरवरून बाहेरची केबल काढा, मोडेम तिथे आणून ती एका जोडणीतुकड्याने (दोन केबलची टोकं जोडणारी छोटी नळी) थेट मोडेमला लावा आणि एक पूर्ण दिवस, दुपारसकट, तसंच चालू द्या. टीव्ही तेवढा वेळ बंद राहतील, इलाज नाही. नेट एकदाही गेलं नाही तर दोष घरातल्या वाटणीत. थेट लावूनही गेलं तर दोष बाहेर, आणि घरात कितीही स्प्लिटर बदलले तरी काही होणार नाही. तिसरी शक्यता अशी, की नेट जात नाही, आकडे जिथल्या तिथे आहेत, नोंदवही स्वच्छ आहे, पण रात्री आठ ते अकरा वेग निम्म्यावर येतो. ती परिसरातल्या लाइनवरची गर्दी. तिच्यासाठी स्प्लिटरला दोष देऊ नका.

दोष घरातच निघाला तर मांडणी अशी बदला. बाहेरची केबल जिथे घरात येते तिथे एकच चांगला टू-वे. त्याच्या एका तोंडापासून मोडेमपर्यंत अखंड केबल, मध्ये कुठेही जोड नाही, फाटा फोडलेला नाही. दुसऱ्या तोंडावर सारख्या घटीचा थ्री-वे, आणि त्यातून तीन टीव्ही. मोडेमची घट आता ३.५ अधिक केबलची. अखंड केबल सरळ नेल्याने २५ ऐवजी १५ मीटर पुरली तर ७५० मेगाहर्ट्झला केबलची पावणेतीन. म्हणजे वरच्याच उदाहरणात मोडेमला −१०.५ ऐवजी +१.७ मिळतात आणि वर बोलायला ५३ ऐवजी ४२ पुरतात. टीव्हींची घट ३.५ अधिक ६, म्हणजे साडेनऊ, शिवाय केबल. १५ मीटरवरच्या टीव्हीला −४ च्या आसपास मिळेल, आणि सेट-टॉप बॉक्सला तेवढं भरपूर झालं. टीव्हीने थोडं कमी खाल्लं तर बिघडत नाही. मोडेमने कमी खाल्लेलं लगेच कळतं.

दोनच टीव्ही असते तर काम एका डबीत झालं असतं. ३.५-७-७ चा थ्री-वे, मोडेम ३.५ वर, टीव्ही दोन ७ वर. दोन स्प्लिटरांपेक्षा एक केव्हाही बरा, कारण प्रत्येक जोड म्हणजे दोन कनेक्टर आणि बिघाडाच्या दोन जागा. तीन टीव्ही असतानाही बाहेरचा सिग्नल जोरदार असेल, तर सरळ एक फोर-वे लावून सगळ्यांना ७ देणं मला मान्य आहे. उदाहरणातला मोडेम तेव्हाही ४५-४६ वर बोलेल. हा निर्णय मात्र थेट जोडलेल्या मोडेमच्या आकड्यांवर घ्यायचा. थेट जोडून अपस्ट्रीम ४० च्या आत असेल तर फोर-वे चालेल. ४३-४४ असेल तर मोडेमला ३.५ पेक्षा जास्त घट देऊ नका. आणि थेट जोडूनच ४८ च्या पुढे असेल तर एकही स्प्लिटर लावण्याआधी ऑपरेटरला बोलवा.

असमान वाटणीसाठी टॅप नावाची आणखी एक वस्तू मिळते; डीसी-६, डीसी-९, डीसी-१२ अशा नावांनी. तिला एक सरळ तोंड असतं, ज्यावर १ ते २ डेसिबलच जातात, आणि एक फुटलेलं तोंड, ज्यावर ६, ९ किंवा १२ जातात. मोडेम लांब आणि टीव्ही जवळ असेल तर मोडेम सरळ तोंडावर, टीव्ही टॅपवर. याउलट मोडेम दाराशीच आहे, सिग्नल भरपूर आहे आणि टीव्ही लांब आहेत, तर मोडेम टॅपवर ठेवता येतो. फक्त डीसी-९ च्या टॅपवर मोडेमला वर बोलतानाही ९ जास्त लागतील, हे विसरू नका.

स्प्लिटर विकत घेताना अंगावरची फ्रीक्वेन्सी वाचा. ५ ते १,००० किंवा १,००२ मेगाहर्ट्झ हवं. यातला ५ जास्त महत्त्वाचा आहे. अँटेनासाठी बनवलेले काही स्प्लिटर ४० किंवा ४७ पासून सुरू होतात आणि डिशचे काही ९५० पासून. असल्या डबीवर ४७ पासूनचा टीव्ही झकास दिसतो, पण वर बोलायची फ्रीक्वेन्सी तिच्यातून नीट जात नाही, आणि माणूस आठवडाभर मोडेमला शिव्या घालत बसतो. ‘२.४ गिगाहर्ट्झपर्यंत’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं म्हणून तो जास्त चांगला होत नाही. ऑपरेटर डॉक्सिस ३.१ मध्ये १,००२ च्या वरचे चॅनल वापरत असेल तर १,२१८ पर्यंतचा घ्या. सेट-टॉप बॉक्स केबलवरूनच एकमेकांशी बोलत असतील, म्हणजे मोका पद्धत असेल, तर ती ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झवर चालते. तेव्हा १,६७५ पर्यंतचा स्प्लिटर लागतो आणि तो सिग्नल घराबाहेर जाऊ नये म्हणून पहिल्या स्प्लिटरच्या आधी फिल्टर. शेवटची खूण म्हणजे तोंडातून वीज सोडणारा स्प्लिटर. तो फक्त केबलवरून बूस्टरला वीज द्यायची असेल तर, नाहीतर नको.

रिकाम्या तोंडाचं काय? त्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर फिरवून बसवा. बोटाच्या पेराएवढी टोपी असते ती. उघड्या तोंडावरून सिग्नल परतून आत येतो आणि बाहेरचा नॉइजही तिथूनच शिरतो. तुमच्या थ्री-वेच्या रिकाम्या तोंडाला हे आजच करा. त्याहून वाईट म्हणजे स्प्लिटरला जोडलेली, पण दुसऱ्या टोकाला कशालाच न लावलेली केबल. कपाटामागे पडलेली दहा मीटरची उघडी केबल म्हणजे चक्क अँटेना. ती स्प्लिटरवरूनच काढा आणि तिथे टोपी बसवा. घराघरांतून शिरलेला असा नॉइज वरच्या दिशेने एकाच ठिकाणी गोळा होतो. म्हणून तुमच्या उघड्या केबलचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो, त्यांच्या केबलचा तुम्हाला.

आता कनेक्टर. इथे घाई करू नका, कारण माझ्या मते घरातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी स्प्लिटरच्या नसतातच, त्याला लावलेल्या एफ कनेक्टरच्या (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) असतात. हाताने फिरवून बसवायचे आणि पक्कडीने दाबलेले कनेक्टर दिसले तर ते सगळे कापून टाका. कॉम्प्रेशन कनेक्टर आणि त्याचं दाबायचं हत्यार घ्या. कनेक्टर केबलच्या जातीचाच हवा. आरजी-६ चा आरजी-५९ वर सैल बसतो, आणि चार थरांच्या जाळीच्या केबलला साधा कनेक्टर चढत नाही.

केबलचं टोक सरळ कापा. सोलायच्या हत्याराने दोन टप्पे पाडा: टोकाकडची ६ मिलिमीटर नुसती मधली तार, त्याच्या मागे ६ मिलिमीटर पांढरा थर आणि त्यावरची चकाकी. चकाकीचा कागद पांढऱ्या थराला चिकटलेलाच राहू द्या. जाळीच्या तारा मागे, बाहेरच्या काळ्या आवरणावर वळवून घ्या. एक केसाएवढी तारही पुढे राहून मधल्या तारेला टेकली तर ती लाइन गेली. आता कनेक्टर सरळ ढकला, आतल्या तळाशी पांढरा थर अगदी समपातळीत दिसेपर्यंत. तो आत एक मिलिमीटर जरी मागे राहिला तरी तिथून सिग्नल परततो. मग दाबा. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर २ ते ३ मिलिमीटर यायला हवी. आखूड राहिली तर कधी टेकते, कधी नाही. लांब राहिली तर पोर्टच्या आतली पकड वाकवते. ही तार बहुधा पोलादी असते, वर तांब्याचा मुलामा. सिग्नल त्या मुलाम्यातूनच जातो, म्हणून ब्लेडने खरवडली गेली आणि पांढुरकी रेघ दिसली तर पुन्हा कापून पहिल्यापासून करा.

स्प्लिटरवर बसवताना बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मग ११ मिलिमीटरच्या पान्याने फेऱ्याचा सहावा भाग. मोडेम आणि टीव्हीच्या मागे पाना जपून वापरा. जोर लावला तर पोर्ट आतल्या पट्टीवरून निखळतो. नुसतं बोटांनी घट्ट वाटलेलं महिन्या-दोन महिन्यांत ढिलं होतं.

जुनी केबल किती बदलायची हे घरावर अवलंबून आहे. बारीक आरजी-५९ असेल तर मोडेमच्या फाट्यावर ती नक्की बदला. तिची घट आरजी-६ पेक्षा वरच्या फ्रीक्वेन्सीला सुमारे चौथाईने जास्त आणि जाळी बहुधा विरळ. टीव्हीचा फाटा लहान असेल तर राहू दे. कोपऱ्यावर खिळ्याने ठोकून चेपलेली किंवा काटकोनात मुडपलेली केबल मात्र नवी असली तरी काढा.

आता बूस्टर का नको ते. तो सिग्नल वाढवतो तसा नॉइजही वाढवतो, आणि स्वतःचा थोडा घालतो. तीन स्प्लिटरनंतर मेलेला सिग्नल बूस्टरने मोठा होतो, शुद्ध होत नाही. शिवाय साध्या बूस्टरमध्ये वर जाण्याची वाटच नसते. तो मोडेमच्या आधी लावलात तर नेट कायमचंच जाईल. वाट असलेला लावला तरी तुमचा प्रश्न वरच्या दिशेचा आहे, आणि बहुतेक बूस्टर ती दिशा नुसती जाऊ देतात, वाढवत नाहीत. म्हणून पैसे जातात आणि टी-३ तसेच राहतात.

बूस्टर लागतो तो लांबच्या किंवा खूप टीव्हींसाठी. नवी मांडणी करूनही एखाद्या टीव्हीवर चित्राचे चौकोन होत असतील, तर पहिल्या टू-वेच्या टीव्हीकडच्या तोंडावर, पुढच्या थ्री-वेच्या आधी, १० ते १५ डेसिबलचा एक बूस्टर. वर जाण्याची वाट असलेला, कारण काही सेट-टॉप बॉक्सही वर बोलतात. मोडेम त्याच्या बाहेरच राहील. एकामागे दुसरा बूस्टर कधीच नाही. बाहेरचा सिग्नलच +१० असेल आणि त्यावर १५ चढवले, तर बूस्टर स्वतःच गुदमरतो आणि चांगले चॅनलही फुटायला लागतात.

याच्या उलटही होतं. मोडेमला +१२, +१३ मिळत असेल आणि अपस्ट्रीम ३० च्या खाली असेल, तर तो कमी खाऊन नाही, जास्त खाऊन आजारी आहे. तेव्हा मोडेमच्या मागे ६ डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारा तुकडा) फिरवून बसवा. दोन्ही दिशांना काम करणाराच बघून घ्या. कधीकधी लोक स्प्लिटर काढून टाकतात आणि नेट जास्तच बिघडतं, त्याचं कारण हेच.

काम करताना दोन ठिकाणी हात आवरा. घराबाहेरून येणाऱ्या केबलवर, आत शिरण्याआधी, एक छोटा अर्थिंगचा ठोकळा आणि त्याला जाड तार असेल. ती काढू नका, आणि त्याच्या पलीकडची लाइन ऑपरेटरची आहे असं समजा. आणि कनेक्टरला हात लावताना झिणझिण्या आल्या किंवा ठिणगी दिसली, तर तिथेच थांबा. हे केबलवाल्याचं काम नाही, घरातल्या एखाद्या उपकरणाची वीज केबलच्या जाळीवर उतरली असू शकते. आधी इलेक्ट्रिशियन.

तुमच्यासाठी क्रम असा: आज थ्री-वेवरचे आकडे वाचून मोडेम कमी घटीच्या तोंडावर, रिकाम्या तोंडावर टोपी, सगळे कनेक्टर पान्याने घट्ट, आणि मोडेमचे आकडे वहीत. उद्या दिवसभर थेट जोडणी. परवा, गरज असेल तर, दाराशी नवा टू-वे आणि मोडेमसाठी अखंड केबल.

थेट जोडणीतही नेट गेलं तर ऑपरेटरला ‘नेट जातंय’ एवढंच सांगू नका. तेवढ्यावर फोनवरून मोडेम बंद-चालू करायला लावतात आणि तक्रार मिटवतात. असं सांगा: घरातले सगळे स्प्लिटर काढून मोडेम थेट जोडला आहे, डाउनस्ट्रीम इतका, एसएनआर इतका, अपस्ट्रीम इतका, टी-३ च्या नोंदी अमुक वाजता. थेट जोडूनही अपस्ट्रीम ५० च्या पुढे असेल तर बाहेरच्या खांबावरच्या टॅपपासून घरापर्यंतची केबल आणि तिची दोन्ही टोकं मीटर लावून तपासायला सांगा. आणि माणूस दुपारीच पाठवा म्हणावं. सकाळी आला तर त्याच्या मीटरवर सगळं ठीकच दिसेल.